मॅरेथॉन पळून देणगी उभी करायची आहे : टी-शर्ट-मेडलमध्येच पैसे संपू नयेत म्हणून काय करावं?

तापीकाठ

राम राम मंडळी. जळगाव-भुसावळकडचा चौदा जणांचा पळणारा गट आहे. सहा जण जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन पळणार, बाकीचे अर्धी किंवा दहा किलोमीटर. त्या निमित्ताने धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेला निधी द्यायचा आहे.

गटात दोन मतं आहेत. एक मत असं की मेहरूण तलावाभोवती आपलीच १० किमीची धाव भरवू, ५०० जणांकडून ४०० रुपये प्रवेशशुल्क घेऊ, झाले दोन लाख. दुसरं मत असं की स्पर्धा भरवण्याच्या भानगडीत न पडता प्रत्येकाने आपापल्या ओळखीत देणगी मागावी. हिशेब, पावत्या, पाणी, सराव, जे जे माहीत असेल ते सांगा. "चांगला उपक्रम, शुभेच्छा" एवढंच लिहायचं असेल तर आधीच धन्यवाद!

वहीखातं

दोन लाख होत नाहीत. कागदावर मांडून बघा. भाव शहरागणिक बदलतील, पण एका माणसामागे साधारण असं धरा : टी-शर्ट १५०, मेडल ७०, बिब (छातीवर लावायचा क्रमांक) आणि त्यावरची वेळ नोंदणारी चिप ९०, नाश्ता ४५. झाले ३५५. चारशेतले उरले ४५, पाचशे जणांचे २२,५००. त्यातून मांडव, स्पीकर, रुग्णवाहिका, पाण्याचे जार, पेमेंट गेटवेचं कमिशन, स्वयंसेवकांचा चहा भागवायचा. म्हणजे संस्थेला द्यायला काही नाही, उलट तुमच्याच खिशाला चाट.

आता दुसरी बाजू. चौदा जण, प्रत्येकी ४० देणगीदार, सरासरी ५०० रुपये : २,८०,००० रुपये. खर्च जवळपास शून्य. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मागायची लाज वाटेल, तरी सव्वा-दीड लाख कुठे गेले नाहीत.

आणखी एक. प्रवेशशुल्क ही देणगी नव्हे. त्याच्या बदल्यात माणसाला टी-शर्ट, मेडल, नाश्ता मिळतो, त्यामुळे त्यावर ८०जीची, म्हणजे आयकर सवलतीची, पावती देता येत नाही. "प्रवेशशुल्कावर करसवलत" असं पत्रकावर छापू नका.

मेहरूण_फेरी

वहीखातं यांच्या आकड्यांशी सहमत, निष्कर्षाशी अर्धाच. धाव भरवली की शहरात विषय पोचतो आणि प्रायोजक भेटतात. जळगावात डाळ मिल, पाइप, सराफा असे धंदे आहेत. त्यांना "देणगी द्या" म्हणण्यापेक्षा "५०० मेडल तुमच्याकडून" म्हटलेलं लवकर पटतं. रोख मागू नका, वस्तू मागा. टी-शर्ट ऐच्छिक ठेवा : नोंदणी २०० रुपये, टी-शर्ट हवा असेल तर वर १८०. बऱ्याच पळणाऱ्यांच्या कपाटात आधीच वीस टी-शर्ट पडलेले असतात.

भरवायचीच असेल तर नेहमी दोन गोष्टी फसतात : अंतर आणि पाणी.

अंतर मोटारसायकलच्या मीटरवर किंवा मोबाइलवर मोजू नका. अधिकृत मोजणी सायकलवर होते. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचे फेरे मोजणारं यंत्र, लावतात. तो नसेल तर टायरवर खडूने खूण करून चाकाचे फेरे मोजा. आधी पोलादी टेपने सरळ ३०० मीटर आखून घ्या, त्यावरून चार वेळा सायकल चालवा, सरासरी काढा. मग मार्ग मोजा, आणि मोजून झाल्यावर तीच ३०० मीटरची पट्टी पुन्हा. कारण आपल्याकडे सकाळी सातला आणि दहाला टायरमधली हवा सारखी राहत नाही. ऊन चढलं की टायर फुगतो आणि फेरे कमी भरतात. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर धरून, पळणारा घेऊ शकेल तो सगळ्यात जवळचा रस्ता मोजायचा. शेवटी किलोमीटरमागे १ मीटर जादा : १० किमीला १०,०१० मीटर. मार्ग कमी भरला तर कुणाचीच वेळ धरता येत नाही, जास्त भरला तर फक्त कुरकुर होते.

पाणी. ५ किमी जाऊन परत असा मार्ग असेल तर अडीच किमीवरचं केंद्र दोनदा लागतं. बहुतेक ठिकाणी सगळ्या टेबलांवर सारखे जार ठेवतात आणि हे टेबल परतीच्या वेळी कोरडं पडतं. हिशेब असा, एका वेळी १५० मिली धरून :
अडीच किमी : ५०० × २ × १५० मिली = १५० लिटर. वीस लिटरचे ८ जार, डोक्यावर ओतायला ३ वेगळे.
वळण : ७५ लिटर, ४ जार आणि १ शिल्लक.
शेवट : माणशी ४०० मिली, १० जार.
म्हणजे एकूण २६. पेले अडीच हजार, काठोकाठ भरायचे नाहीत. कचऱ्याचा डबा टेबलाजवळ ठेवला तर रिकामाच राहतो. माणूस पाणी पीत पीत पुढे जातो, तेव्हा डबे ५० ते १०० मीटर पुढे ठेवा.

सगळ्यात मागच्या पन्नास जणांसाठी दोन जार झाकून ठेवा. सगळ्यात जास्त वेळ उन्हात तेच असतात आणि पाणी संपलेलं टेबल त्यांच्याच वाट्याला येतं.

सहज_सुचलं

एक प्रामाणिक शंका. संस्थेला पैसे द्यायचे तर सरळ द्यावेत. ४२ किलोमीटर पळायची काय गरज?

लळिंग

गरज पैशांना नसते, मागणाऱ्याला असते. "देणगी द्या" म्हणणारे रोज भेटतात. कॅनडात टेरी फॉक्स या तरुणाचा पाय हाडाच्या कर्करोगाने गेला होता. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो रोज सुमारे एक मॅरेथॉन असं १४३ दिवस पळला, ५,३७३ किलोमीटर. कर्करोग फुप्फुसात पोचल्याने थांबावं लागलं, पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाच्या धावा अजून होतात. त्याने मागितलं ते साधं होतं : प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर. अंतर मोठं आणि मागणी छोटी, स्पष्ट.

आता मागायचं कसं. दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकलं की अंगठे येतात, पैसे येत नाहीत. एकेकाला वेगळा निरोप पाठवा. नमुना :

"दादा, जानेवारीत मुंबईला ४२ किमी पळतोय. धडगाव भागातल्या सिकलसेलच्या मुलांना तपासणीसाठी नंदुरबारला न्यायचा खर्च उभा करतोय. एका मुलाच्या आणि सोबतच्या माणसाच्या फेरीला अमुक रुपये लागतात. एक फेरी तू उचलशील का? पैसे थेट संस्थेच्या खात्यात, क्यूआर खाली आहे. पावतीसाठी फॉर्म भर."

"अमुक" हा आकडा संस्थेकडून घ्या, मनाने टाकू नका : एसटीचं दोघांचं भाडं, जेवण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. यादी जाहीर करणार असाल तर पहिलं नाव तुमचं स्वतःचं, मग मोठी रक्कम देणारे दोन-तीन जण. पहिल्याने १०१ दिले की पुढचे दहा जण १०१ वरच थांबतात.

किलोमीटरमागे दहा रुपये अशी बोली घेऊ नका. स्पर्धा झाल्यावर ४२० रुपयांसाठी चाळीस जणांच्या मागे लागावं लागतं. पैसे आधीच घ्या, आणि "शर्यत पूर्ण झाली नाही तरी देणगी संस्थेचीच" ही ओळ निरोपातच लिहा.

मागायची वेळ : दिवाळी. पुण्या-मुंबईचे सगळे गावी आलेले असतात, समोरासमोर बोलणं होतं. शेतकरी ओळखीचे असतील तर मात्र थांबा, कापूस विकला जाऊन पैसा हातात पडू द्या. त्याआधी मागितलं की ते नाही म्हणणार नाहीत, पण देणंही व्हायचं नाही, आणि दोघांनाही अवघड.

वहीखातं

पावत्यांचं राहिलं होतं.

१. पैसे कुणाच्याही वैयक्तिक खात्यात घ्यायचे नाहीत. "आधी माझ्या नंबरवर टाका, मी एकदम पाठवतो" यातून दोन घोळ होतात : संस्थेच्या दृष्टीने देणगीदार तुम्ही एकटे ठरता, आणि बाकी कुणालाच पावती मिळत नाही.

२. संस्थेच्या क्यूआरवर पैसे आले की संस्थेला फक्त रक्कम आणि यूपीआय नाव दिसतं. पॅन दिसत नाही, पत्ता दिसत नाही. म्हणून सोबत एक फॉर्म : पूर्ण नाव (पॅनवर आहे तसं), पॅन, पत्ता, रक्कम, तारीख, कोणत्या धावपटूमार्फत, आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक. दर रविवारी संस्थेच्या बँक उताऱ्याशी तो क्रमांक जुळवा. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, तो कुणालाही बनवता येतो. महिन्याचं एकदम जुळवायला बसलात तर ५०० रुपयांच्या साठ नोंदींत कुणाचे कुठले ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

३. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही. रोख दिलेच तर त्याच दिवशी संस्थेच्या पावतीपुस्तकातली पावती.

४. संस्थेला वर्षअखेरीनंतर देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं (जुन्या कायद्यात १०बीडी, मुदत ३१ मे) आणि त्यावरून प्रमाणपत्र निघतं. त्या विवरणात नाव नसेल तर हातातली पावती नुसता कागद. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले. बोलताना सगळे ८०जीच म्हणतात, पण पावतीवर काय छापायचं ते संस्थेच्या सीएला विचारून घ्या. आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ही सवलत नाहीच, त्यामुळे नोकरदार मित्रांना करबचतीचं गाजर दाखवू नका.

५. अमेरिकेतला चुलतभाऊ पैसे देणार असेल तर त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल तर त्याच्या स्वतःच्या बचतीतले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते. संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलं खातं हवं. नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

६. तुमचा गट नोंदणीकृत नाही. गटाच्या नावाने वर्गणी गोळा करणार असाल तर गणेश मंडळं घेतात तीच परवानगी लागते : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ क, धर्मादाय कार्यालयाकडून. सगळं संस्थेच्या नावाने, संस्थेच्या लेखी पत्राने आणि थेट तिच्या खात्यात केलंत तर कटकट कमी. ते पत्र मात्र घ्याच.

दवाखाना_बंद

वैद्यकीय बाजू. सिकलसेलसाठी पळताय म्हणून एक गोष्ट आधी, कारण ती कुणी लिहिणार नाही.

सिकलसेलचे दोन प्रकार लोक एकत्र करतात. 'एसएस' म्हणजे रुग्ण, 'एएस' म्हणजे वाहक. वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा काही त्रास नसतो, तो पळूही शकतो. पण ऊन, शरीरातलं पाणी कमी आणि एकदम जोराची धाव हे तिन्ही जुळून आलं तर वाहकाच्या रक्तपेशीही विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो. असा माणूस कोसळतो तेव्हा पेटके आले असं समजून त्याला उठवून चालवतात. तेच चुकतं. पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस ओरडतो. यात पाय मऊच असतात, नुसते गळून जातात. धाव तिथेच थांबवायची, आडवं करायचं, थंड करायचं, ऑक्सिजन द्यायचा, रुग्णालयात न्यायचं. तुमच्या धावेत सातपुड्यातली पोरं येणार असतील तर नोंदणीच्या फॉर्मवर "सिकलसेल तपासणी झाली आहे का?" हा ऐच्छिक रकाना ठेवा. उत्तर फक्त डॉक्टरकडे जाईल. बिबवर खूण वगैरे अजिबात नको.

आता सगळ्यांसाठी. ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकणारे स्वयंसेवक प्रत्येक केंद्रावर असतात. त्याने मळमळ आणि जुलाब होतात. दहा लिटरचं भांडं, दहा पाकिटं, एकच माणूस जबाबदार.

नुसतं पाणी ढोसणंही घातक. चार-पाच तास पळणारा प्रत्येक टेबलावर दोन ग्लास प्यायला तर रक्तातलं सोडियम उतरतं : बोटं सुजतात, डोकं दुखतं, उलटी, बडबड. बडबडणारा धावपटू दिसला की लोक त्याच्या तोंडात अजून पाणी ओततात. नका ओतू.

उष्माघात : बडबड किंवा बेशुद्धी, आणि अंग तापलेलं, शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. आधी थंड करायचं, मग न्यायचं. शेवटच्या रेषेजवळ मोठं टब, पाणी आणि बर्फाच्या दोन लाद्या फोडून ठेवा. रुग्णवाहिकेची वाट बघण्यात गेलेली दहा मिनिटं महागात पडतात.

आणि पळण्याआधी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर बसतात.

लळिंग

मुंबईच्या सहा जणांसाठी थोडं. टाटा मुंबई मॅरेथॉन २००४ पासून आहे, जानेवारीचा तिसरा रविवार. तिथला देणगीचा व्यवहार युनायटेड वे मुंबई या संस्थेमार्फत चालतो, त्यामुळे तुमची संस्था त्यांच्याकडे नोंदलेली आहे का हे आजच विचारा. नसेल तर त्या पानावर तिच्यासाठी निधी गोळा करता येणार नाही. तुम्ही पळाल मुंबईत आणि देणगी वर सांगितल्याप्रमाणे थेट घ्याल. यात गैर काही नाही, फक्त मॅरेथॉनचं नाव आणि बोधचिन्ह पत्रकावर वापरू नका.

बिब शनिवारपर्यंत प्रत्यक्ष जाऊन घ्यावं लागतं, शर्यतीच्या पहाटे मिळत नाही. जळगावहून सीएसएमटी सव्वाचारशे किमी. शनिवारच्या गाडीवर विसंबू नका, शुक्रवारी पोचा.

सराव. सप्टेंबरच्या मध्यापासून १८ आठवडे मिळतात. रविवारची लांब धाव १६, १८, २०, मग १५. पुन्हा २२, २४, २६, मग १८. अशी चौथ्या आठवड्याला उतार देत ३२ पर्यंत. ती ३२ ची धाव डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. त्यानंतर फक्त कमी करत जायचं. जानेवारीत घाबरून अजून एक ३० मारणारे मुंबईत अर्ध्यातून चालत येतात.

आपली हवा कोरडी, घाम लगेच उडतो. मुंबईत तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. इथल्या वेगाने तिथे सुरुवात केली की सी-लिंकवर बरं वाटतं आणि परतीच्या पेडर रोडच्या चढावर हिशेब चुकता होतो. किलोमीटरमागे १५-२० सेकंद सोडून द्या. चढाच्या सरावासाठी लळिंग घाटात जाऊ नका, ट्रेलरच्या बाजूने पळणं हा सराव नव्हे. धुळ्यात नकाणे तलावाकडचा रस्ता बरा. पूल असेल तिथे त्याच पुलाच्या दहा फेऱ्यासुद्धा चालतात.

आदल्या रात्री शेवभाजी नाही. भरीतही नाही, कितीही म्हणालात तरी. खिचडी किंवा साधा वरण-भात.

तापीकाठ

मंडळी, मनापासून आभार. आमचं ठरतंय ते असं : मोठी धाव नाही, १५० जणांची ५ किमी, टी-शर्ट ऐच्छिक, सगळा खर्च प्रायोजकाच्या वस्तूंतून. देणगी वेगळी, थेट संस्थेला.

दोन प्रश्न. शासनाकडून सिकलसेलची तपासणी आणि औषध मोफत मिळतं असं एक जण म्हणाला. मग पैसे कशाला, असं कुणी विचारलं तर? आणि रावेरकडून केळी फुकट मिळताहेत, पण हिरवी, घडच्या घड. चालतील?

दवाखाना_बंद

तो खरं बोलतोय. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी होते, हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचं औषध मिळतं. म्हणून "तपासणी किट घेऊ" किंवा "औषधं वाटू" असं ठरवू नका, तेच दुसऱ्यांदा होईल. अडतं ते पोचण्यात : पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून घाट उतरून, आणि हे दर महिन्याला, कारण औषध चालू असताना रक्त तपासत राहावं लागतं. मजुरीचा दिवस बुडतो म्हणून तिसऱ्या महिन्यात येणं थांबतं. संस्थेला विचारा, किती जण मध्येच थांबले आणि कशामुळे. त्या उत्तरावर निधीचं नाव ठेवा. रुग्ण मुलांचे फोटो आवाहनात वापरू नका. पुढे लग्न जुळवताना तोच फोटो आडवा येतो.

मेहरूण_फेरी

केळीचं सांगतो. हिरवी तशीच ठेवून रविवारपर्यंत पिकतील ही आशा नको, थंडीत तर नाहीच. आणि कुणी कार्बाइडची पुडी सुचवली तर हात जोडा, त्यावर बंदी आहे. पिकवण केंद्रात इथिलीनवर १६ ते १८ अंशांत चार-पाच दिवस लागतात, म्हणजे सोमवारी आत टाका, शुक्रवारी संध्याकाळी बाहेर काढा. बाहेर काढताना पिवळी, देठाशी किंचित हिरवी असावीत. रविवारी सकाळी बारीक तपकिरी ठिपके आले की बरोबर. त्याआधीची पोटात जड पडतात.

१५० जणांना माणशी एक, वर स्वयंसेवक आणि घरचे, मिळून २०० केळी म्हणजे सालासकट ३० किलो. बाकीचे घड ज्याने दिले त्याला परत करा, नाहीतर सोमवारी तुमच्याच ओसरीवर चिलटं. केळी फक्त शेवटच्या रेषेच्या पलीकडे वाटा, मार्गावर नको. ५ किमीला वाटेत खायची गरज नसते, आणि सालीवरून घसरणारा पहिला माणूस बहुतेक प्रायोजकच निघतो.